क्रमांक घातलेली पत्रं

मीरा रोडला राहणाऱ्या माणसाला फोनवर मुंबईकर होता येतं, पाकिटावर होता येत नाही. टेलिफोनचा ०२२ आम्हालाही लागू आहे. पिनकोड मात्र दहिसरला ४०००६८, आणि पुढच्याच स्टेशनावर, आमच्या दारात, ४०११०७. भाईंदर पश्चिमेला ४०११०१, पूर्वेला ४०११०५, उत्तनला ४०११०६. गावाकडच्या नातेवाइकांना ‘आम्ही मुंबईला असतो’ असं बिनदिक्कत सांगणारी आमची वस्ती पत्ता लिहायची वेळ आली की मुकाट्याने ‘जि. ठाणे’ लिहायची. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणाऱ्या या गृहस्थांना प्रश्न पडला होता तो अगदी व्यवहाराचा. एकाच नावाची दहा गावं, डझनभर लिप्या आणि न लागणारी अक्षरं, यांतून पत्र नेमक्या दारी पोचवायचं कसं? त्यांनी देशातल्या प्रत्येक दाराची सोय केली. माझी अडचण त्यांच्या योजनेबाहेरची होती. नव्वदच्या दशकात माझा नवरा बोटीवर होता आणि बोटीला पिनकोड नसतो.

मर्चंट नेव्हीत तो इंजिनियर. एकदा जॉइन झाला की सहा महिने, कधी त्याहून जास्त, घरी नाही. आम्ही लग्नानंतर मीरा रोडला शांतीनगरात घर घेतलं, कारण मुंबईच्या हद्दीत परवडत नव्हतं. आमच्यासारखी घरं बरीच होती. कुणाचा नवरा दुबईला, कुणाचा मस्कतला, कुणाचा शिपवर. संध्याकाळी विरार लोकलमधून माणसं उतरायची, पण काही दारं त्या गाडीकडे डोळे लावून नसायची. त्या घरांत पोस्टमनची वेळ पाठ असायची.

त्याला लिहायचं म्हणजे पाकिटावर नाव, हुद्दा, बोटीचं नाव आणि खाली कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसचा पत्ता. तिथे सगळ्या कुटुंबांची पत्रं जमत, त्यांचा गठ्ठा होई आणि तो पुढच्या बंदरातल्या एजंटाकडे रवाना होई. बोट लागली की एजंट बाकीच्या कागदपत्रांबरोबर तो वर नेऊन देई. मधेच बोट दुसरीकडे वळवली गेली, तर गठ्ठा एका देशात आणि बोट दुसऱ्या. मग त्याने तिच्या मागे मागे फिरायचं. मुंबईहून कुणी त्याच बोटीवर जॉइन व्हायला निघालं, तर आदल्या रात्री त्याच्या घरी पत्रं, लोणचं, चकल्या पोचवायच्या. बॅग जड झालेली बघूनही त्याची बायको काही बोलायची नाही, पुढच्या खेपेला ती तेच करणार असायची.

या सगळ्या उलाढालीत पत्रं मागेपुढे व्हायची. जूनमधलं आधी हातात पडायचं आणि मेमधलं नंतर. शेजारच्या विंगमध्ये एका कॅप्टनची बायको राहायची. तिने मला पहिल्याच वर्षी शिकवलं की पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यात क्रमांक घालायचा. म्हणजे त्याला तीन पाकिटं एकदम मिळाली तर कुठलं आधी फोडायचं ते कळतं, आणि मधलं एखादं हरवलं तर तेही कळतं. सँटोसहून, डर्बनहून त्याची पत्रं येत. पहिल्या ओळीत विचारणा ठरलेली, अमुक क्रमांकाचं आलेलं नाही, त्यात काय होतं?

फोन होता की, असं आता कुणीही म्हणेल. होता. बंदरात उतरल्यावर बूथमध्ये रांग लावून, कार्ड घालून तो करायचा, आणि आमच्या घरी फोन बसेपर्यंत त्याचा फोन खालच्या मजल्यावरच्यांकडे यायचा. त्यांचं घर माणसांनी भरलेलं. सासूबाई शेजारी उभ्या. ‘अहो, बरे आहात ना?’, ‘हो, तुम्ही सगळे?’, ‘सगळं ठीक.’ मिनिटं संपायची. सासूबाईंसमोर मी त्याला अहोच म्हणायची. पत्रात तो ‘तू’ असायचा. त्या काळातल्या कितीतरी नवऱ्यांना बायकोच्या तोंडचं ‘तू’ पहिल्यांदा कागदावर भेटलं असेल. फोनवर ‘सगळं ठीक’ होतं, आणि जे ठीक नव्हतं त्याला कागद लागायचा.

लांब असलेल्या माणसाला मनापासून पत्र कसं लिहावं, याचे सल्ले पुष्कळ मिळतात. भावना मोकळ्या करा, पहिली भेट आठवा, त्याच्याशिवाय कसं वाटतं ते सांगा. सुरुवातीला मीही तसंच लिहायची. पण ‘तुझी फार आठवण येते’ हे वाक्य खरं असलं तरी त्याला उत्तर काय द्यायचं? ‘मलाही.’ झालं, तिथे पत्र संपलं. त्याऐवजी एकदा मी लिहिलं की आपल्या विंगचा पंप पाणी चढवत नाही, टँकर रात्री एकला येतो, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंप बदलायचा ठराव येतोय, मी हात वर करू का खाली ठेवू? त्या काळी मीरा-भाईंदरमध्ये नळाचं पाणी हा घराघरातला विषय होता आणि टँकरवाल्याचा मान जावयासारखा होता. उत्तर आलं चार पानी. पंपाची आकृती काढलेली, पाइपात हवा कुठे अडकते ते बाणाने दाखवलेलं, ती कशी काढायची हे टप्प्याटप्प्याने, आणि खाली बजावलेलं की पंप बदलू देऊ नका, आधी फूट व्हॉल्व्ह बघा. मीटिंगमध्ये मी ते पान वाचून दाखवलं. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या चर्चेत भाग घेणारा एक सभासद अटलांटिकवर होता.

तेव्हा मला उमजायला लागलं की दुरावलेल्या दोघांना खरा धोका कशाचा असतो. प्रेम आटेल याची भीती गाण्यांत असते. घरात भीती वेगळी असते. गेलेल्या माणसावाचून घर चालायला लागतं. चालावंच लागतं. गॅस संपतो, फी भरायची असते, कुणाच्या लग्नात काय द्यायचं ते ठरतं. बाई सगळं निभावते आणि हळूहळू तिला विचारायची सवय राहत नाही. मग तो साइन ऑफ होऊन घरी येतो. साखरेचा डबा त्याला सापडत नाही, मुलगा त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघतो, आणि तोही पाहुण्यासारखा विचारून फ्रिज उघडतो. समुद्रावरच्या माणसांच्या घरांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, बोललं कुणी जात नाही. पत्राचं काम तिथे सुरू होतं. ज्याला उत्तर देता येईल असं काहीतरी पाठवत राहायचं, म्हणजे त्याचं मत घरात राहतं. आम्ही एकमेकांना सगळ्यात जास्त जे लिहिलं ते हेच. तशी वेगळी पानंही होती. ती इथे सांगायची नाहीत.

पुढे वाचताना कळलं की आपल्याकडच्या मोठ्या माणसांची पत्रंही अशीच आहेत. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं त्यांच्या समग्र वाङ्मयात आहेत. पहिली दोन, १८५६ आणि १८६८ची, नायगावहून लिहिलेली. आमच्या खाडीपलीकडचं नायगाव नव्हे, खंडाळा तालुक्यातलं, त्यांच्या माहेरचं. १८५६मध्ये त्या आजारातून उठत होत्या. पत्रात विरह शोधायला जावं तर भावाशी झालेला वाद सापडतो. त्याला त्यांचं शिकवण्याचं काम पसंत नव्हतं, त्याला काय सुनावलं हे त्या नवऱ्याला कळवतात. १८६८च्या पत्रात जातीबाहेर प्रेम केलं म्हणून गावकरी ज्यांच्या जिवावर उठले होते त्या तरुण-तरुणीला आपण कसं सोडवलं ते सांगून त्या दोघांना जोतिरावांकडे पाठवतात. तिसरं पत्र २० एप्रिल १८७७चं, ओतूरहून, दुष्काळातलं. त्यात भुकेने गाव सोडणारी माणसं आहेत, सावकार आहेत, मदतीची व्यवस्था आहे. तीन पत्रं आणि तिन्हींत काम. पण ही पत्रं कोरडी आहेत असं ती वाचलेला माणूस म्हणणार नाही. आपण जिथे आहोत तिथे काय पेटलंय हे ज्याला सांगावंसं वाटतं, आणि त्यावर तो काहीतरी करील याची खात्री असते, त्याच्यावर जीव आहे हे वेगळं लिहावं लागत नाही.

यशवंतराव चव्हाण परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना पत्रं लिहीत. ती पुढे ‘विदेश-दर्शन’ या नावाने पुस्तकरूपाने आली. परराष्ट्रमंत्री असलेल्या माणसाकडे दौऱ्याचे अहवाल लिहायला खातं होतं. तरी घरी एक बाई आहे, तिला आपण पाहिलेलं शहर दिसलं पाहिजे, हे त्यांना निकडीचं वाटलं.

सगळ्यांच्या हाताशी एवढा कागद मात्र नव्हता. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला चाकरमानी महिन्याला मनीऑर्डर करायचा आणि तिच्या कुपनावर मजकुराला जागा असायची ती दोन-चार ओळींची. लिहिता येत नसेल तर मुंबईच्या मोठ्या पोस्टाजवळ, कबुतरखान्याशी लेखनिक बसलेले असत. ते पैसे घेऊन पत्रं लिहायचे, मनीऑर्डरचे फॉर्म भरायचे. तिकडे गावात बायकोला वाचता येत नसेल, तर पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवायचा. म्हणजे नवरा-बायकोच्या मधे दोन परकी माणसं. त्यांच्या देखत काय बोलणार? मग गाय व्याली का, कौलं परतली का, धाकट्याला शाळेत घातलं का, एवढंच जायचं आणि एवढंच यायचं. पण कौलं परतली का हे विचारणाऱ्याला पावसात ती कुठे झोपते ते माहीत असतं. ऐकणारीला तेवढं पुरायचं. अण्णा भाऊ साठ्यांनी गावाकडे राहिलेल्या मैनेची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर आणली आणि तुटलेल्या मुलखाचं दुःख त्या ताटातुटीत घातलं. ऐकणाऱ्या कामगारांना ते समजावून सांगावं लागलं नसेल. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात मनीऑर्डरची पावती होती.

पत्रात आणखी एक गोष्ट करता येते, ती म्हणजे भांडण. या बाबतीत मला आनंदीबाई जोशींइतकं कुणी शिकवलं नाही. माहेर त्यांचं कल्याणचं, आमच्याच जिल्ह्यातलं. नवरा गोपाळराव टपाल खात्यातला नोकर. बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतलेला आणि त्या ध्यासात तिला मारहाण करणारा. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यानंतर गोपाळराव अमेरिकेत जाईपर्यंत दोघांचा संसार पत्रांतून झाला. दुसऱ्यांची पत्रं वाटण्याच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस आता स्वतःच्या पत्राची वाट बघत बसला होता. आणि लिहीत होता तो प्रेमाचंच असं नाही. संशय, टोमणे, उपदेश, सगळं त्यात होतं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून ही पत्रं आपल्यापर्यंत आली.

आनंदीबाई उत्तरं देतात. थंडीत आपलं लुगडं पुरत नाही म्हणून नेसण्याची तऱ्हा बदलली, तर त्याचं कारण सांगतात. आणि एका पत्रात त्या मागचा सगळा हिशोब काढतात. कितव्या वर्षी कशाने मारलं, काय फेकून मारलं, सोडून जाण्याची धमकी कधी दिली. आदर न सोडता, नवऱ्याचे उपकार मान्य करून, पण एकही बाब न गाळता. ही बाई हे तोंडावर बोलू शकली असती? १८७०च्या दशकातल्या कुठल्या माजघरात लहान वयाच्या बायकोचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं? मधे समुद्र आला, आणि कागदावर तिला कुणी अडवू शकत नव्हतं. लांब असण्याने माणसाचं पुष्कळ जातं. पण आनंदीबाईंना त्या अंतराने पुरं वाक्य बोलण्याची मुभा दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, वर्षही पुरं झालं नाही तोवर, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात वारल्या. त्यांचं डॉक्टर होणं सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र नवऱ्याला तारीखवार जाब विचारणारी ती पत्रलेखिका तितकीच मोठी वाटते.

आमचीही भांडणं व्हायची. पण बोटीवरच्या माणसाशी भांडायचं तर शब्द तोलावे लागतात, कारण वाचून झाल्यावर त्याला दार आपटून बाहेर जायला जागा नसते. खाली इंजिनरूम, वर डेक, भोवती पाणी. रागाचं पत्र रात्री लिहून सकाळी वाचायचं आणि जे दुपारीही खरं वाटेल तेवढंच ठेवायचं, हा माझा नेम झाला. त्यामुळे भांडणं कमी झाली नाहीत, मुद्देसूद झाली.

सगळ्यात अवघड होतं दुखणं कळवणं. मुलाला कावीळ झाली तेव्हाची गोष्ट. आज लिहिलं तर पत्र पोचेपर्यंत तो बरा झालेला असणार. मग तिकडे उगाच जीव टांगणीला का लावायचा? न लिहावं, तर घरातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीत बाप नव्हताच असं होणार. कॅप्टनच्या बायकोकडे याचंही उत्तर होतं. लिहायचं रोज, पेटीत टाकायचं बरं झाल्यावर. मग एका जाड पाकिटात दुखणं आणि उतार एकदमच गेले. त्याने ते सगळं क्रमाने वाचलं, म्हणजे त्या रात्री उशिराने का होईना, जागवल्या. घरी आल्यावर मुलाला त्याने पहिलं विचारलं ते उसाच्या रसाबद्दल. मुलगा हरखला. बाबांना कसं माहीत?

आता हे सगळं जुनं झालं. तार २०१३च्या जुलैत बंद झाली. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने तर २०२५ संपताना पत्रं वाटणंच थांबवलं. बोटींवर उपग्रहाचं इंटरनेट आलंय आणि आमच्या मजल्यावर शिपवाल्याशी लग्न झालेली एक तरुण मुलगी राहायला आली आहे. ती रोज नवऱ्याला व्हिडिओवर बघते. मला त्यात खोट काढायची नाही. मला ते मिळालं असतं तर मी पत्रांचे गोडवे गात बसले नसते. पण एकदा तीच म्हणाली, “काकू, रोज बोलतो, पण जेवलास का आणि काय जेवलास याच्यापुढे गाडी जात नाही. मला त्याला एक छान पत्र लिहायचंय. मनापासून. सुरुवात कशी करू?”

मोबाइलमध्ये तिने काही नमुने काढून ठेवले होते. चंद्र होता, समुद्र होता, अनंत वगैरे होतं. मी म्हटलं, “समुद्र तो रोज बघतो गं. त्याला आपल्या बिल्डिंगचं लिही.”

आमच्या शांतीनगरातल्या इमारतींना तीसेक वर्षं उलटली. सज्ज्यांच्या सळया दिसायला लागल्या. पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. बिल्डरचा प्रस्ताव आलाय, कार्पेट किती वाढवून देणार, भाडं किती, कॉर्पस किती, यावर रोज जिन्यात खल असतो. फोनवर त्याला ती एवढंच सांगायची, ‘चाललंय काहीतरी.’ मी तिला बसवलं. कोण काय म्हणतं ते लिही. तुला कुठल्या खोलीच्या खिडकीतून सकाळचं ऊन हवंय ते लिही. बाळासाठी वेगळी खोली धरायची की नाही, तुझं मत लिही आणि त्याचं विचार. आणि हे फोनवर बोलू नकोस, बोलशील तर दोन मिनिटांत ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असं येईल. कागदावर त्याला ते म्हणायला लाज वाटेल.

तिने लिहिलं. विरारचा एक मुलगा त्याच बोटीवर जॉइन व्हायला निघाला होता, त्याच्या बॅगेतून ते गेलं. महिन्याभराने ती तोंड पाडून माझ्याकडे आली. नवऱ्याने हाताने सहा पानं लिहून त्यांचे फोटो पाठवले होते. प्रस्तावातल्या एकेका कलमावर शेरा, कॉर्पस कमी आहे, पार्किंगचं लेखी घ्या, स्वयंपाकघर पूर्वेला कसलं, तिथे वारा येत नाही, पावसात मोरीचं पाणी तुंबेल, तू नकाशा नीट बघितलास का? शेवटी एक ओळ तेवढी तिची विचारपूस.

“बघा ना काकू, एवढं मनापासून लिहिलं मी आणि हा भांडतोय माझ्याशी.”

“मग भांड,” मी म्हटलं. “पण नकाशा समोर ठेवून. तिकडे त्याच्याकडे वाचायला अजून चार महिने आहेत.”